सड्यावरचा रुखाळू

माझा मुलगा मस्कतला कुरुममध्ये राहतो, म्हणून आता मीही तिथेच राहते. त्याच्या ऑफिसातली मंडळी दर पावसाळ्यात सलालाहला जाऊन येतात आणि मग आमच्या हॉलमध्ये बसून सलालाह कसं आहे ते मला समजावून सांगतात. मला, जिची शाळा तिथे झाली तिला! धबधबा बघितला, उंट बघितले, नारळपाणी प्यायलो, धुक्यात गाडीच्या टपावर उभं राहून व्हिडिओ काढला. मी विचारते, ‘‘आणखी काय पाहिलंत?’’ ‘‘आणखी काय असतं, काकू?’’ म्हणतात. खरं आहे. हजार किलोमीटर गाडी हाकून जायचं, जिथे बाकीचे दहा हजार लोक उभे आहेत तिथेच जाऊन उभं राहायचं आणि त्यांच्या पाठींचे फोटो काढून परतायचं, यापलीकडे माणसाने आणखी काय बघावं? मी त्यांना चहा देते आणि गप्प बसते. आमच्या टेकडीचं नाव मी आजवर एकालाही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तरी तिला नाव नव्हतं.

म्हणजे असेलच काहीतरी. तिथल्या डोंगरातल्या लोकांकडे दगडाधोंड्यालाही नाव असतं म्हणतात. पण आम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला ‘सडा’ म्हणायचे. आमच्या राजापूरकडे डोंगरमाथ्यावरच्या उघड्याबोडक्या पठाराला सडा म्हणतात, तसंच ते होतं. शहरामागची सपाटी संपली की रस्ता डोंगर चढायला लागतो, आणि वर एका वळणावर डाव्या हाताला जी कच्ची वाट फुटते, तिच्या टोकाला ही टेकडी. फार उंच नाही. धबधबा नाही, झरा नाही, गुहा नाही, कुणा पिराची कबर नाही. उन्हाळ्यात नुसते करडे दगड, आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत, चार-दोन वाकडी झाडं, गुरं आणि धुकं. धुकं इतकं, की वर उभं राहून खाली काय आहे ते कधी दिसायचं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा दुरूनही साजरा नव्हता. म्हणूनच तो वाचला.

आई त्याला सडासुद्धा म्हणू द्यायची नाही. ‘‘सडा म्हणे! कातळ कुठे आहे? सड्यावर पाऊस पडला की गावापर्यंत आवाज येतो. इथे मेलं आभाळ नुसतं घाम गाळतं.’’ आईचं हे असं होतं. अण्णा सलालाहला बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होते. मासेमारीच्या होड्यांना लागणारा बर्फ तिथे तयार व्हायचा. बरीच वर्षं एकट्याने काढून शेवटी त्यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. आम्ही आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. विमानातून उतरल्यापासून आईने त्या देशाला एकाही बाबतीत पास केलं नाही. नारळ बघितले, तर म्हणाली खोबरं पातळ. केळी बघितली, तर म्हणाली बोटाएवढी. पावसाळ्याला तिथे खरीफ म्हणतात हे कळल्यावर ‘‘पेरतात काय इथे, खरीफ म्हणायला?’’ असं तिने अण्णांना विचारलं. सगळ्यात कहर झाला तो किनाऱ्यावर वाळत घातलेल्या तारल्यांचा. मैलभर वाळूवर चांदीसारखी तारली पसरलेली पाहून आई पहिल्यांदाच जरा खूश झाली, मग अण्णांनी सांगितलं, की ही माणसांसाठी नाहीत, कोरड्या दिवसांत गुरांना आणि उंटांना घालतात. आई जागीच थांबली. ‘‘गाईला मासे?’’ तिने विचारलं. त्या दिवसापासून आमच्या घरात डब्यातली दुधाची पावडर आली ती आलीच.

आमचं बिऱ्हाड कारखान्यामागच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर दिवसरात्र घुमायचा, आणि अण्णांच्या कपड्यांना अमोनियाचा जो वास यायचा तो कितीही धुतले तरी जायचा नाही. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजायचा नाही, नुसतं धुक्याचं पाणी साचून पागोळ्यांतून टपटपायचं, आणि आई त्या टपटपीकडे बघून तोंड वाकडं करायची. खोलीच्या कोपऱ्यात तिची लोखंडी ट्रंक होती. गावाहून सुंभाने बांधून आणलेली, ती तशीच बांधलेली. तिच्यात गावची चिंच, गूळ, तांदळाचं पीठ, तिरफळं, आमसुलं, कुळथाची पिठी असा सगळा संसार होता, पण आईने सुंभ सोडला नाही. रोजचं जेवण ती बाजारातल्या सामानावर, नाक मुरडत करायची. अण्णा म्हणायचे, ‘‘अगो, ती ट्रंक तरी सोड. पिठात किडे होतील.’’ आई म्हणायची, ‘‘सोडली की बिऱ्हाड बसलं असं होतं. मला इथे बसायचं नाहीये.’’

शेवटी दोघांमध्ये एक करार झाला, तोही माझ्यासमोर. हा पावसाळा बघायचा. जमलं तर ठीक, नाही तर गणपतीला आईने मला घेऊन गावी जायचं आणि परत यायचं नाही. आईचा चेहरा तेव्हाच सांगत होता, की बघायचं वगैरे काही नाही, निकाल लागलेला आहे. गावी गेलो म्हणजे काकांच्या घरात राहायचं, आणि काकांनी त्यांच्या सुमनला दहावी होताच कशी उजवली ते मी पाहिलं होतं. माझ्याबद्दलही त्यांनी निघताना म्हटलं होतं, ‘‘दहावीपर्यंत शिकवू, पुढचं मग बघू.’’ पुढचं म्हणजे काय ते सांगायला ज्योतिषी नको होता. इथे मी इंडियन स्कूलमध्ये जात होते, इंग्रजीत अडखळत होते, पण गणिताच्या बाईंनी मला वर्गासमोर उभं करून म्हटलं होतं, की ही मुलगी खूप शिकेल. मला शिकायचं होतं. गणपती जवळ येत होते आणि आईने ट्रंक सोडावी म्हणून मी चक्क देवाला नवस बोलत होते.

तिथल्या मराठी माणसांचंही सांगायला हवं. वीसेक कुटुंबं होती, आणि सगळ्यांचं नेतृत्व देवधरकाकूंकडे होतं. देवधरकाका कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीत हिशेबनीस. काकू मूळच्या पुण्याच्या, आणि ही गोष्ट त्या समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची काळजी घ्यायच्या. श्रावणात त्या सगळ्यांची सहल काढायच्या. सहल म्हणजे काय, तर झऱ्यापाशी जाऊन सतरंज्या पसरायच्या, इडल्या खायच्या, अंताक्षरी खेळायची आणि ‘महाबळेश्वरची सर नाही’ असं एकमेकांना सांगत परत यायचं. महाबळेश्वरची सर नव्हती तर मग दरवर्षी जायचे कशाला, हे मला कधी समजलं नाही. आई अशा सहलींना जाणाऱ्यांतली नव्हती, पण अण्णांनी हात जोडले. हसनभाईंच्या व्हॅनमधून जाऊ, गर्दीत बसायला नको, असं त्यांनी कबूल केलं. हसनभाई रत्नागिरीकडचे, सलालाहच्या बाजारात मसाल्यांचं दुकान चालवायचे, आणि अरबीपासून डोंगरातल्या लोकांच्या बोलीपर्यंत सगळं त्यांना यायचं. आई त्यांच्याशी जरा नीट बोलायची, कारण निदान समुद्र तरी त्यांचा आणि तिचा एकच होता.

तर ती व्हॅन डोंगर चढता चढता तापली, आणि बरोब्बर त्या वळणावर वाफा सोडत थांबली. हसनभाईंनी ती कशीबशी कच्च्या वाटेला घेतली. मागून देवधरकाकूंची गाडी आली. त्यांनी काच खाली करून ‘‘अय्या, बंद पडली का?’’ असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हात हलवत निघून गेल्या. एकामागून एक सगळ्या गाड्या गेल्या, सगळ्यांनी हात हलवले. आपल्या माणसांची मदत म्हणतात ती हीच. आम्ही त्या ओल्या, निर्मनुष्य टेकडीवर उरलो. हसनभाई म्हणाले, ‘‘इंजन थंड होऊ दे, वैनी. मग यल्ला, निघू.’’ आईने ‘‘बघा, म्हटलं नव्हतं?’’ असं एकदा म्हणून घेतलं आणि पाय मोकळे करायला खाली उतरली. मी तिच्या मागे. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. कुठून तरी गुरांच्या घशातला आवाज यायचा, गवताला शेणाचा आणि पाण्याचा वास होता. आई काही बोलत नव्हती, आणि तेच मला विचित्र वाटलं, कारण एवढा वेळ तिने कुणाला नावं ठेवली नाहीत असं होत नसे.

उंबराच्या जातीचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला आणि फांद्यांच्या बेचक्यांत शेवाळ साचलं होतं, आणि त्या शेवाळातून काळसर हिरवी, हाताच्या पंजापेक्षा मोठी पानं लोंबत होती. आईने एक पान उलटं केलं. देठ नखाने दाबून बघितला, नाकाशी नेला. मग ती मला नव्हे, झाडालाच म्हणाली, ‘‘रुखाळू.’’ ज्यांना कोकण फक्त हापूसपुरतं ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते, रुखाळू म्हणजे झाडावर उगवणारं अळू. ते कुणी लावत नाही, विकत फारसं मिळत नाही, श्रावणात रानात सापडलं तर सापडलं. त्याच्या वड्यांपुढे बागेतल्या अळूच्या वड्या म्हणजे पोस्टाचं पाकीट. आमच्याकडे श्रावणी सोमवारचा नैवेद्य त्या वड्यांशिवाय व्हायचा नाही. आईचे डोळे भरून आले होते. तिने पदर खोचला आणि पानं काढायला लागली, प्रत्येक गड्ड्याला एक पान ठेवून, गावी काढतात तशी. रानातली भाजी काढायला कुणाला विचारायचं असतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. सड्यावरचं ते सगळ्यांचं, हा आमच्याकडचा कायदा.

तो कायदा तिथे कुणी वाचलेला नव्हता. धुक्यातून आधी काठी आली, मग एक बाई. उंच, काटक, गडद निळा झगा, पुढून आखूड आणि मागे जमिनीवर लोळणारा, नाकात सोन्याची चमकी. ती इतक्या मोठ्याने ओरडली, की अण्णा आणि हसनभाई धावत आले. हसनभाईंनी सलाम केला, बोलणं केलं. बखीता तिचं नाव, टेकडीवरची गुरं तिची, झाडही तिच्या माणसांचं. मग तिने आईच्या हातातली पानं बघितली आणि तिचा राग एकदम उतरला. त्याऐवजी जे तिच्या चेहऱ्यावर आलं ते मला लगेच ओळखू आलं, कारण मी ते घरी रोज बघत होते. ती हसनभाईंना काहीतरी म्हणाली आणि आईकडे वरपासून खालपर्यंत बघून हसली.

‘‘काय म्हणते?’’ आईने विचारलं.

‘‘काही नाय, वैनी. म्हणते, जपून खा.’’

‘‘हसनभाई, एवढंसं बोलायला एवढा वेळ लागत नाही. खरं सांगा.’’

हसनभाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी आभाळाकडे बघितलं. ‘‘ती म्हणते,’’ हसनभाई हळूच म्हणाले, ‘‘हा पाला माझ्या शेळ्यासुद्धा खात नायत. तोंड जळतं. नवरा पोटाला घालत नाय का हिला?’’

आईचा चेहरा लाल झाला. ‘‘तिला सांगा, जी बाई गाईला मासे चारते तिने मला खाणं शिकवू नये.’’

हसनभाईंनी बरंच काही सांगितलं, मध्येमध्ये ‘इन्शाल्ला’ही घातलं, पण त्यांनी कितीही साखर पेरली तरी उपयोग नव्हता. बायकांना कळलं होतं. बखीता काठीवर हनुवटी टेकून आईला न्याहाळत राहिली. मग तिने एक-एक शब्द तोडून सांगितलं, आणि या वेळी हसनभाईंनी जसंच्या तसं मराठीत आणलं. शिजवून आण. मी खाईन. जीभ जळली, तर या टेकडीवर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. आई म्हणाली, ‘‘सोमवारी येते म्हणावं.’’

घरी आल्यावर आईने पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, विळी घेतली आणि ट्रंकेचा सुंभ सटासट कापला. गाठ सोडत बसली नाही. मी दारात उभी होते, आणि मला इतका आनंद झाला, की मी रडायला लागले. आई म्हणाली, ‘‘रडतेस काय? चिंच काढ.’’ चिंच काढली. खारवलेली, काळी, पार दगड झालेली. हसनभाईंनी आमच्या मागोमाग डोंगरातल्या झाडाची ताजी चिंच पाठवली होती, सोबत निरोप, की वैनी, ही फार आंबट, अळूला ही वापरा. आईने ती हुंगलीसुद्धा नाही. ‘‘इथल्या चिंचेला आंबटपणा कुठून येणार? इथल्या कशातच काही नाही,’’ असं म्हणून तिने तो पुडा खिडकीत ठेवून दिला.

सोमवारी सकाळपासून घरात शुकशुकाट. आमच्याकडे रीत अशी, की अळू चिरताना, वळताना, उकडताना खाजेचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की अळू खाजतं. मी, आई, सगळं कसं मुक्याने चाललेलं. वड्या वळून झाल्या, उकडायला ठेवल्या, आणि दारात देवधरकाकू. सहलीत काय काय मजा झाली आणि आम्ही काय काय गमावलं ते सांगायला आल्या होत्या. मोदकपात्राचं झाकण उचलून म्हणाल्या, ‘‘अळू? इथे? अगं बाई, पण खाजणार नाही ना?’’ आईने त्यांच्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. काकूंना मात्र काहीच कळलं नाही. पुण्याच्या माणसाला आपलं काही चुकलं असेल हा संशय सहसा शिवत नाही. त्या चहा पिऊन, साखर कमी होती असं सांगून गेल्या.

वड्या झाल्या, देवाला नैवेद्य दाखवला. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, ही एक रीत. आईचा श्रावणी सोमवार, संध्याकाळपर्यंत तिने काही खायचं नाही, ही दुसरी. आणि ज्याच्या नावाने केलं त्या पाहुण्याआधी घरच्यांनी खायचं नाही, ही आईने त्या दिवशी तिथल्या तिथे काढलेली तिसरी. म्हणजे त्या वड्या टेकडीवर पोचेपर्यंत जगात एकाही माणसाने चाखलेल्या नव्हत्या. असला मूर्खपणा फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. आज माझी सून मीठ बघायला तीनदा चमचा चाटते, आणि मी तिला काही बोलत नाही.

दुपारी अण्णा कामावरून सुटल्यावर हसनभाईंनी आम्हाला वर नेलं. बखीताचं घर म्हणजे दगडांचं गोल, बुटकं खोपटं. आत वासरं बांधलेली, ऊद जळत होता. तिने आम्हाला चटईवर बसवलं आणि आधी आईपुढे दूध ठेवलं, नुकतं काढलेलं, फेसाळ. आईने माझ्याकडे बघितलं. मला ती मैलभर पसरलेली तारली दिसली. ‘‘हसनभाई, सांगा तिला, माझा उपास आहे,’’ आई म्हणाली. हसनभाई सरळ माणूस. ‘‘पण वैनी, उपासाला तुमच्यात दूध चालतं की,’’ म्हणाले. झालं. बखीता वाट बघत बसली होती. आईने डोळे मिटले आणि सगळं दूध एका दमात प्यायली. तोंडावरची रेघ हलली नाही. ‘‘बरं आहे म्हणावं,’’ ती म्हणाली. मलाही थोडं दिलं. माशाचा वास अजिबात नव्हता, धुराचा होता, आणि इतकं दाट दूध मी त्यानंतर प्यायलेलं नाही. आई मात्र मरेपर्यंत सांगायची, की त्या दुधाला बांगड्याचा वास होता.

मग आईने डबा उघडला. बखीताने एक वडी उचलली, सगळीकडून बघितली आणि तोंडात टाकली. चावली. गिळली. दुसरी घेतली. तिसरी घेतली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चुलीचा धूर तिकडेच जात होता. बखीताने झग्याला हात पुसले आणि हसनभाईंना दोन शब्द बोलली. ‘‘म्हणते, जळत नाय,’’ हसनभाई म्हणाले. ‘‘झाडाची पानं तुमची.’’ आई उठली ती ताठ मानेने उठली. परतीच्या वाटेवर ती सबंध वेळ बोलत होती. डोंगरातल्या बायकांना चव कशी नसते, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच धड काही खायला कसं मिळालं, आणि आता ती सुखाने गावी जायला मोकळी कशी झाली. मी खिडकीबाहेर बघत होते. ट्रंक उघडून काही झालं नव्हतं.

दिवेलागणीला आईने उपास सोडला. पानावर पहिली वडीच घेतली. मी आणि अण्णाही जेवायला बसलो होतो. मी वडी तोंडात घातली, आणि जिभेत सुया घुसल्यासारखं झालं. अण्णांनी घास तसाच गालात धरून ठेवला. आई चावत होती, मग चावायची थांबली. घशाशी हात नेला. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर घुमत होता.

‘‘तिने तीन खाल्ल्या,’’ आई म्हणाली.

अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आईने घेतला नाही. ‘‘तीन खाल्ल्या, आणि जळत नाही म्हणाली. माझी लाज राखली तिने. त्या मासेवालीने!’’ असं म्हणून आई भिंतीला टेकली आणि रडली. त्या देशात आल्यापासून तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला तिची कीव आली आणि बखीताबद्दल कसलंसं प्रेम दाटून आलं. सगळा दोष आईने देवधरकाकूंच्या त्या शब्दाला दिला आणि तो जन्मभर दिला. चिंच जुनी होती, दगड झाली होती, हे मी एकदा सुचवून पाहिलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवर जायला निघाली, पण कोवळी पानं संपत आली होती आणि व्हॅन मिळेना. गणपती तोंडावर आले. अण्णांनी एका संध्याकाळी भीतभीत विचारलं, ‘‘मग, तुमच्या दोघींच्या जाण्याचं काय ठरलं?’’ आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘त्या बाईला धड वड्या घातल्याशिवाय मी कशी जाऊ? जन्मभर म्हणेल, हिंदवाली आली आणि पाला चारून पळाली. पुढल्या श्रावणापर्यंत थांबावं लागेल. तेवढंच. मग एक दिवससुद्धा राहणार नाही.’’ अण्णा ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर जाऊन बराच वेळ उगाचच पाण्याची टाकी तपासत राहिले. माझी नववी तिथेच झाली.

पण एका वर्षाने काय होतं? दहावी पुढे होती, काका होते, आणि आईचा शब्द म्हणजे शब्द. तो सबंध उन्हाळा मी पावसाळा येऊ नये म्हणत होते. तो आला. डोंगर हिरवे झाले, देवधरकाकूंची सहल झऱ्यावर जाऊन महाबळेश्वरची आठवण काढून आली, आणि आम्ही टेकडीवर गेलो. या वेळी आईने झाडाला हात लावण्याआधी खोपटाकडे बघून हाक मारली. सोमवारी दाराला आतून कडी होती. आणि एक गोष्ट मी बघितली, ती तिने कुणाला सांगितली नाही. चिंच कोळताना तिने खिडकीतला हसनभाईंचा त्या वर्षीचा पुडा घेतला, गावचा नाही. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिने मला हाक मारली, एक वडी माझ्या तोंडात कोंबली आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. वडी लोण्यासारखी होती. मी खोटं बोलायचा विचार केला, खरंच केला. पण आईला माझ्या तोंडावरून सगळं कळायचं. ‘‘चांगली झाल्ये,’’ मी म्हटलं, आणि मला माझ्या लग्नाचा बँड ऐकू यायला लागला.

बखीताने दूध ठेवलं, आईने डोळे उघडे ठेवून प्यायलं. मग डबा उघडला. बखीताने एक वडी खाल्ली. सावकाश खाल्ली. दुसरी घेण्यासाठी हात पुढे केला नाही. आई म्हणाली, ‘‘विचारा तिला, कशी झाल्ये.’’ बखीताने जरा विचार केला, जिभेने दात साफ केले आणि हसनभाईंना सांगितलं. हसनभाईंचा चेहरा पडला. ते अण्णांकडे बघायला लागले.

‘‘हसनभाई, खरं सांगा,’’ आई म्हणाली.

‘‘वैनी, ती म्हणते, ठीक आहे. पण मागच्या वर्षी होत्या, त्यांना काहीतरी दम होता.’’

आईने डब्याचं झाकण लावलं, बखीताने ते परत उघडून डबाच ठेवून घेतला, आणि आम्ही निघालो. व्हॅन धुक्यातून उतरत होती. खाली सपाटी आली, ऊन आलं, नारळीच्या बागा दिसायला लागल्या, तरी आई गप्पच. मी मागच्या सीटवर बसून बोटं मोजत होते, गणपतीला किती दिवस उरले त्याची. कारखान्याच्या फाटकाशी आल्यावर आईने पदर सावरला.

‘‘दम म्हणे,’’ आई म्हणाली. ‘‘पुढल्या श्रावणात बघतेच तिला.’’

मी बोटं मोजायची थांबवली. पुढल्या श्रावणात मी अकरावीत असणार होते.